थांबलेली गाडी, चालता रस्ता: एका स्टॉप-मोशन विनोदी मालिकेच्या पहिल्या भागाच्या नोंदी

काम असं: स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुल्या थोड्या थोड्या हलवून दर वेळी एक फोटो काढायचा. सात मिनिटांचा भाग, गाडीतून फिरायला निघालेलं पाच जणांचं कुटुंब. बाबा, आई, आजी, मुलगी आणि धाकटा. जवळजवळ तीन चतुर्थांश प्रसंग चालत्या गाडीत. टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेम, दोन-दोन फ्रेमवर हालचाल. म्हणजे एकूण १०,५०० फ्रेम आणि ५,२५० वेळा शटर. खाली 'टिपण' म्हणजे शटरची एक दाब, पडद्यावरच्या दोन फ्रेम. माणसं तीन: एक हलवणारा, एक कॅमेरा-दिवे सांभाळणारा, एक बनवणारा. दिवस कामाचे मोजलेत, सुट्ट्या सोडून.

दिवस १ ते ३. आवाज आणि शीट

संवाद आधी रेकॉर्ड केले, मग त्यांची फ्रेमवार फोड. पहिलीच चूक इथं. अ‍ॅनिमॅटिक (रेखाटनं आणि आवाज जोडून केलेला कच्चा व्हिडिओ) २४ फ्रेमवर बसवलेला, शीट (कुठल्या फ्रेमला कुठला आवाज याचा तक्ता) मात्र २५ची. ४२० सेकंदांचे २४ने १०,०८० फ्रेम होतात. तेच २५ने चालवले की ४०३.२ सेकंदांत संपतात, म्हणजे शेवटाला पोचेपर्यंत जवळजवळ १७ सेकंदांची तफावत. सुरुवातीच्या दहा सेकंदांत फरक अर्ध्या सेकंदाच्या आत राहतो, म्हणून लक्षात आलं नाही. पुन्हा सगळी फोड केली, दीड दिवस गेला. फाइल उघडली की पहिलं काम फ्रेमदर बघणं.

आणखी एक: २५ विषम आहे. दोन-दोनवर काम करताना दर दुसऱ्या सेकंदाची सुरुवात टिपणाच्या मधोमध पडते. शीटवर सेकंदाच्या रेघा मारूच नका, टिपणांचे आकडे घाला.

बदलून लावायची तोंडं प्रत्येक बाहुलीला नऊ ठेवली. मिटलेले ओठ (प, ब, भ, म), खालच्या ओठाला दात (व आणि बहुतेक वेळा फ), आ, ए, ई, ओ, ऊ, दातांत जीभ दिसणारं एक (त, द, ल), आणि निवांत. ट, ण, ळ यांत जीभ मागे वळते, बाहेरून काहीच दिसत नाही. त्यांना वेगळं तोंड करणं म्हणजे फुकटची मेहनत. मिटलेल्या ओठांना मात्र एक पूर्ण टिपण द्यायचंच, आवाज त्याहून छोटा असला तरी. 'बाबा' म्हणताना ओठ मिटले नाहीत तर बाकी सगळं बरोबर असूनही बोलणं उसनं वाटतं.

दिवस ४ ते १०. बाहुल्यांचे सांगाडे

माप १:६. मोठी माणसं २८ सेंमीच्या आसपास. १.५ मिमीची मऊ अ‍ॅल्युमिनियमची तार: पाठीला आणि पायांना तीन पदर, हातांना दोन. एक टोक ड्रिलमध्ये आणि दुसरं शिकंज्यात धरून पीळ दिला. पहिले पीळ हौसेनं घट्ट घातले आणि पस्तावलो. जास्त पिळलेली तार आधीच कडक झालेली असते, ती लवकर तुटते. पदर एकमेकांना चिकटून राहतील इतकाच पीळ पुरे.

हाडांच्या जागी इपॉक्सी पुट्टी (दोन भाग मळले की कडक होणारी). कोपराला पुट्टीच्या दोन तुकड्यांमध्ये फक्त ३ मिमी तार मोकळी ठेवली होती. चाचणीतच दोन कोपरं गेली. सगळा वाक पुट्टीच्या कडेशी एकाच बिंदूवर पडतो आणि तार तिथंच दगा देते. नव्या सांगाड्यात ८ ते १० मिमी मोकळी तार ठेवली, पुट्टीची कड कानशीनं निमुळती केली आणि सांध्यावर दोरा गुंडाळला. तरी तार कधी ना कधी तुटणारच. म्हणून खांद्याला पितळेची चौकोनी नळी बसवली: हाताला ३ मिमीची, धडात ती आत जाईल अशी ४ मिमीची. चौकोनी असल्यानं हात गरगर फिरत नाही आणि तुटला की दोन मिनिटांत नवा बसतो. बाबांच्या हातांच्या तीन जोड्या केल्या, कारण स्टिअरिंग त्यांच्याकडे.

हातांचे पंजे सिलिकॉनचे. मूळ पंजे साध्या शिल्पकामाच्या मातीत घडवले आणि त्यावर प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉनचा साचा ओतला. दुसऱ्या दिवशी उघडलं तर आत चिकट लगदा. त्या मातीत गंधक होतं आणि गंधक या सिलिकॉनला सुकूच देत नाही. अर्धा किलो सिलिकॉन आणि दोन दिवस पाण्यात. वरून स्प्रे मारून भागवायचा प्रयत्न केला, पण काही ठिकाणी सुकलं, काही ठिकाणी नाही. शेवटी गंधक नसलेली माती आणली आणि दहाही पंजे नव्यानं घडवले.

तोंडं लहान चुंबकावर बसतात. आधी ५ मिमीची चुंबकं लावली होती. तोंड काढताना अख्खं डोकं हलायचं. ३ मिमी व्यासाची, १ मिमी जाडीची लावल्यावर निभावलं. क्रम ठरवून टाकला: आधी तोंड बदल, मग डोकं हलव, शेवटी डोळे. उलट केलं की डोक्याची जागा पुन्हा शोधत बसावं लागतं.

दिवस ११ ते १६. गाडी

लांबी ६५ सेंमी, तळाला ६ मिमी प्लायवूड. छप्पर, चारही दारं, डिकी आणि मागची काच सगळं चुंबकावर, सुटं. छप्पर चिकटवलेली गाडी दिसायला झकास होती, पण आत दोन बोटंसुद्धा जाईनात. कापावी लागली. समोरची काच बसवलीच नाही. बसवली तर तिच्यात कॅमेरा, दिवा आणि हलवणाऱ्याचं नाक दिसतं. फक्त एका कोपऱ्यात अ‍ॅसिटेटची (पारदर्शक प्लास्टिकची) तिरकी चकाकती पट्टी लावली. उरलेली काच बघणारा मनानंच धरून चालतो.

बसलेल्या बाहुल्यांचे पाय बांधायची गरज नाही. कमरेत एम३ (३ मिमी बोल्टचा) नट पुरला आणि सीटखालून बोल्ट घेतला. स्टिअरिंगच्या कडीत लोखंडी तार आणि बाबांच्या तळहातात ४ मिमी चुंबक, त्यामुळे पकड सुटत नाही आणि बोटांच्या तारा वाचतात. स्टिअरिंगच्या दांड्याला स्प्रिंग वॉशर हवाच, नाहीतर हाताच्या वजनानं ते हळूहळू एका बाजूला फिरतं. पहिल्या चाचणीत बाबा सरळ रस्त्यावर चार सेकंद उजवीकडे वळत होते.

हादऱ्यांसाठी चारही कोपऱ्यांत एम६ (६ मिमी जाडीचे) बोल्ट, खालून फिरवायचे. एम६ची आटी १ मिमीची, म्हणजे एक पूर्ण फेरा म्हणजे बरोबर १ मिमी. मोजपट्टी लागत नाही. गुळगुळीत रस्त्याला पाव फेरा, खराब रस्त्याला दीड. खड्डा आधी पुढच्या चाकांना, मग मागच्यांना. चाकांतलं अंतर ४० सेंमी आणि रस्ता टिपणाला ७ सेंमी सरकतो (त्याचं गणित पुढे), म्हणजे मागचा हादरा सहाव्या टिपणावर. माणसांची डोकी गाडीच्या एक टिपण मागून. एवढं पाळलं की गाडीला वजन येतं. एकच ठरलेला चढउतार सगळीकडे वापरला तेव्हा गाडी धावत नव्हती, श्वास घेत होती.

दिवस १७ ते २६. रस्ता

सगळ्यात जास्त वेळ इथं गेला. खरं तर बाहुल्यांना हात लावायच्या आधी हे करायला हवं होतं.

गाडी जागच्या जागी, तिच्याखाली रस्त्याचा पट्टा सरकतो. हिशोब साधा वाटला. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. सेकंदाला साडेबारा टिपणं, म्हणजे टिपणाला १.३३ मीटर. सहानं भागलं की २२ सेंमी. रस्त्याचा पट्टा दर टिपणाला २२ सेंमी सरकवून चार सेकंदांची चाचणी घेतली. गाडी रिव्हर्समध्ये चाललेली!

कारण असं: मधल्या पांढऱ्या पट्ट्या १० सेंमीच्या, मोकळी जागा १४ सेंमीची. म्हणजे दर २४ सेंमीला नवी पट्टी. रस्ता २२ सेंमी मागे सरकला की पुढची पट्टी आधीच्या पट्टीच्या जागेपासून २ सेंमी अलीकडे येऊन थांबते. डोळा जवळची पट्टी धरतो, लांबची नाही. त्याला रस्ता २ सेंमी पुढे सरकलेला दिसतो आणि गाडी मागे जाताना. सरक पट्ट्यांच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त झाली की हे होणारच. एक तृतीयांशाच्या आसपास ठेवली की दिशा पक्की.

म्हणून ७ सेंमी. प्रत्यक्षात हा वेग ताशी १९ किमीच्या आसपास पडतो, कागदावर हास्यास्पद. पडद्यावर मात्र हादरे, आईची उडणारी ओढणी आणि कडेचे खांब मिळून गाडी चांगली पळते. २२ सेंमीला खांब पाच टिपणांत चौकटीबाहेर जात होता, नजरेला धरताच येत नव्हता.

मग चाकं. चाकाचा व्यास १० सेंमी, परीघ ३१.४. ७ सेंमीला चाक ८० अंश फिरायला हवं. चाकाला चार आरे, म्हणजे दर ९० अंशाला तेच चित्र. ८० अंश फिरलेलं चाक १० अंश उलटं फिरल्यासारखं दिसलं. रस्ता सुधारला तर चाकं उलटी. गाडीचा वेग न बदलता पाच आऱ्यांच्या तबकड्या कापल्या. पाच आऱ्यांना ७२ अंशांची पुनरावृत्ती, ८० वजा ७२ म्हणजे ८ अंश पुढे. प्रश्न मिटला. तुमचं माप वेगळं असेल तर आरे रंगवण्याआधी हे भागाकार करून घ्या. दोन मिनिटं लागतात, आमचा एक दिवस गेला.

पट्टा: पहिला कॅनव्हासचा, वर वाळू मिसळलेला अ‍ॅक्रिलिक रंग. रोलर ५ सेंमीचे. दुसऱ्या फेऱ्यातच रंगाला आडव्या भेगा. दुसरा पट्टा पातळ रबराचा, वर चिकटपदार्थ लावून चाळलेली बारीक वाळू, रोलर ११ सेंमी व्यासाच्या पाइपचे. तो टिकला. पट्टा एका बाजूला सरकत जायचा, म्हणून रोलरच्या मधोमध चिकटपट्टीचे पाच-सहा वेढे दिले. रोलर मध्ये किंचित फुगीर असला की पट्टा आपोआप मध्यावर येतो. दोन रोलरमध्ये पट्टा लोंबू नये म्हणून खाली प्लायवूडची फळी.

पट्ट्याची पूर्ण लांबी ३३६ सेंमी. हा आकडा मुद्दाम निवडला: २४ने भागला की १४ पट्ट्या, ७ने भागला की ४८ टिपणं. जोडावर पट्टी तुटत नाही आणि ४८ टिपणांनी (३.८४ सेकंद) पट्टा बरोबर पहिल्या जागी येतो. याचा फायदा किती मोठा ते पुढे कळलं.

सरक मोजायला आधी रोलरला कोनमापक लावला होता. पट्टा रोलरवर दर वेळी मिलिमीटरभर घसरतो. एका फेऱ्यात पावणेपाच सेंमीचा घोळ झाला. मग पट्ट्याच्याच कडेला, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला, ४८ खुणा केल्या आणि टेबलाला एक टाचणी ठोकली. खूण टाचणीशी आणायची, बस. घसरला तरी चूक साठत नाही. मोटर लावायचा विचार इथंच सोडला.

मागचे थर: झाडांची रांग ५ सेंमी, जवळची टेकडी ६ मिमी, लांबचा डोंगर १ मिमी, आकाश स्थिर. डोंगर आधी २ सेंमीनं ओढला होता, तेव्हा कुणी पडदा ओढतंय असं वाटलं. १ मिमी हातानं नीट सरकत नाही, म्हणून डोंगराची चौकट एम६च्या आटीच्या सळईवर बसवली आणि टिपणाला एक फेरा दिला.

सगळ्याच सरकीत धूसरपणा नसल्यानं जवळचे खांब ठेचकाळत जातात. तीन शॉटमध्ये एक सेकंदाचं एक्सपोजर ठेवून शटर उघडं असतानाच खांबांची पट्टी ओढली. धूसरपणा छान येतो, पण ओढ दर वेळी सारखी बसत नाही. तीन शॉटपुरतं ठीक.

दिवस २७ ते ३०. दिवे

पहिल्या पंधरा सेकंदांत चित्र लुकलुकत होतं. कारणं एकेक करून काढली, कारण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की काय लागू पडलं ते कळत नाही.

लेन्स सगळ्यात मोठी दोषी. ऑटो लेन्सचं छिद्र दर टिपणाला बंद होतं आणि दर वेळी थोडं वेगळं बंद होतं. हातानं छिद्र फिरवायची जुनी लेन्स अडॅप्टरवर लावली, छिद्र एफ११ या आकड्यावर. दुसरं, मंद केलेले एलईडी: बरेच डिमर दिवा झपाट्यानं चालू-बंद करून मंद करतात. दिवे पूर्ण ठेवले, प्रकाश कमी करायला कागद आणि अंतर वापरलं. शटर अर्धा सेकंद ठेवल्यावर उरलेलं लुकलुकणं सरासरीत गेलं. तिसरं कारण शोधायला दीड दिवस लागला: पांढरा शर्ट. हलवणारा कधी सेटच्या डावीकडे, कधी मागे, आणि शर्टावरून परतलेला उजेड बाहुल्यांच्या गालावर. काळे कपडे आणि जमिनीवर पावलांच्या खुणा. शटर दाबायच्या वेळी सगळ्यांनी तिथंच उभं राहायचं.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची जुळवणी) केल्विनमध्ये आकडा घालून, आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १००. ऑटो असं काहीही नको.

दिवस ३१ ते ६०. चित्रण, पहिला टप्पा

ड्रॅगनफ्रेम या स्टॉप-मोशनच्या सॉफ्टवेअरवर काम. एकच बाहुला चौकटीत असेल तर टिपणाला दोन मिनिटं. पाचही असतील तर सहा. साडेबारा टिपणांचा सेकंद म्हणजे ७५ मिनिटं. पाच जणांचे शॉट दिवसाला जेमतेम चार सेकंद निघाले. पटकथेत पाच जण दाखवणारे १४ शॉट होते, ते पाचवर आणले. धाकट्याला झोपवलं, आईच्या तोंडासमोर नकाशा धरला. विनोद कमी झाला नाही, उलट नकाशामागून येणारा आवाज जास्त चालला.

शॉट १२ची नोंद सविस्तर, कारण यात बाहुली जवळजवळ हलतच नाही. बाबा म्हणतात, "दहा मिनिटांत पोचतोय." यावर आजीनं फक्त बघायचं. पहिल्या वेळी वाक्य संपल्यावर ५ टिपणांत नजर वळवली. कुणी हसलं नाही, बोलणं आणि बघणं एकात एक मिसळलं. दुसऱ्या वेळी २२ टिपणं थांबलो, तेव्हा चित्र अडकल्यासारखं झालं. १३ टिपणांवर जमलं. वाक्यानंतर चार टिपणं काहीच नाही. मुलीची पापणी एक टिपण मिटलेली. मग दोन टिपणं शांत. मग आजीची बुबुळं टाचणीनं तीन टिपणांत बाबांच्या मानेकडे, डोकं स्थिर. मग तीन टिपणं तशीच. त्यानंतरच कट. डोकं फिरवलं असतं तर ती बोलणार असं वाटलं असतं.

थांबलेली बाहुली साधारणतः मेल्यासारखी दिसते. इथं गाडीचे पाव फेऱ्याचे हादरे चालूच असतात, त्यामुळे स्तब्ध चेहरासुद्धा जिवंत राहतो. गाडीत मालिका घडवण्याचा हा एवढाच फायदा, पण तो पुरेपूर घ्यावा.

कपडे: बोटं लागून आईची ओढणी दर टिपणाला वळवळत होती. पातळ केलेला पांढरा गोंद मारून कडेत बारीक तार घातली. आजीच्या केसांना हेअरस्प्रे.

दिवस ४४ची चूक: शॉट अर्धा सोडून घरी गेलो. सकाळी ओनियन स्किन (आधीचं चित्र फिकं करून आताच्या चित्रावर दाखवणारी सोय) लावून बघितलं तर सगळा सेट बोटभर नाही, पण दिसेल इतका सरकलेला. रात्रीत प्लायवूड ओलाव्यानं फुगतो, ट्रायपॉडचं डोकं वजनानं खाली येतं. १९० टिपणं फेकली. तेव्हापासून ट्रायपॉडचे पाय हॉट ग्लूनं जमिनीला, आणि संध्याकाळी पूर्ण होणार नाही असा शॉट दुपारनंतर सुरू करायचा नाही.

दिवस ६१ ते १०२. कॅरिअरवरची बॅग आणि बाकीचं

छपरावरची बॅग सुटून रस्त्यावर पडते. बॅग मागून आलेल्या तारेच्या काठीवर, काठी नंतर चित्रातून पुसायची. पुसण्यासाठी बॅग आणि काठी नसलेलं रिकामं चित्र लागतं. सवयीनं एकच रिकामं चित्र घेतलं. पण रस्ता तर दर टिपणाला पुढे गेलेला! एका चित्राचा उपयोग एकाच टिपणाला. इथं ४८चा आकडा कामी आला. पट्टा एक पूर्ण फेरा रिकामा फिरवून ४८ चित्रं घेतली आणि खुणेच्या नंबरानं जुळवली. मागचे थर फेरा पूर्ण करत नाहीत, त्यामुळे काठी त्यांच्यावरून जाणार नाही अशी, खालून, रस्त्याच्या पट्ट्यावरूनच आणायची. हे आधी न केल्यानं शॉट पुन्हा घ्यावा लागला, तीन दिवस. रिकामी चित्रं त्याच दिवशी, दिवे न हलवता घ्या.

बॉनेटमधली वाफ: पॉलिस्टर कापूस बारीक तारेवर, सहा तुकडे आलटून पालटून. खालून छोटा दिवा. पावसाचे थेंब ग्लिसरीनचे, कारण पाणी दोन तासांत सुकतं. ते दाभणाच्या टोकानं सरकवले. थेंबांना धूळ चिकटते, म्हणून दर अर्ध्या तासानं ब्लोअर.

हातांचा हिशोब: बाबांच्या तीन जोड्यांपैकी पाच हात तुटले. आजीचा एकही नाही.

दिवस १०३ ते ११४. दुरुस्त्या

शॉट ४१ मध्ये गाडी पुन्हा मागे जाताना दिसली. पट्टा बरोबर, चाकं बरोबर. दोष कडेच्या कुंपणाचा. त्याचे खांब १० सेंमीवर लावलेले आणि कुंपण ७ सेंमीनं सरकत होतं, निम्म्याहून जास्त. एकाआड एक खांब उपटला, अंतर २० झालं, शॉट पुन्हा घेतला. रांगेत सारख्या अंतरावर असलेली प्रत्येक वस्तू याच गणितात अडकते: कुंपण, झाडं, पुलाचे कठडे.

एकूण ६,४३० टिपणं घेतली, त्यातली ५,२५० भागात आहेत.

पट्टा दुसऱ्या भागासाठी ठेवलाय, ११ सेंमीच्याच पाइपवर, वाळूची बाजू बाहेर करून गुंडाळलेला. खुणांचे नंबर पुसट झाले होते, ते पक्क्या शाईनं पुन्हा काढले.